फटाका वाजला की मी दाराकडे का बघतो?

मागच्या दिवाळीत सोसायटीत सुतळी बॉम्ब फुटला आणि मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला खसकन घरात ओढलं. ती रडत होती. मी मात्र दाराची कडी लागली का ते बघत होतो.

जानेवारी १९९३ मध्ये मी पाच वर्षांचा होतो. मुंबईत आमचं कुटुंब तीन रात्री शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून होतं. काकूंनी आम्हाला वाचवलं. नंतर घरात त्याविषयी कुणी बोललं नाही. अब्बा एवढंच म्हणायचे, "जिवंत आहोत, शुक्र करा." पुढे मी इंजिनिअर झालो, नोकरी लागली. विषय संपला असं वाटलं. पण रात्री दोनदा उठून कुलूप तपासणं, हॉटेलात दाराकडे तोंड करून बसणं, क्षुल्लक गोष्टीवर भडकणं, हे सगळं मी स्वभाव समजत होतो.

बायकोच्या आग्रहाने थेरपिस्टकडे गेलो, तेव्हा कळलं की हा आघाताचा परिणाम आहे. धोका टळला तरी शरीर सावधच राहतं. थेरपी म्हणजे जादू नाही. आधी श्वास सावरायला शिकलो, मग त्या रात्री हळूहळू शब्दांत मांडल्या. काही आठवडे त्रास वाढलाही. आता कुलूप एकदाच तपासतो.

"ईमान कमजोर आहे, नमाज पढ," असं एका वडीलधाऱ्यांनी सुनावलं. नमाजने मला आधार दिलाच. पण मधुमेह झाला तर आपण दुआही करतो आणि औषधही घेतो. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. भीती, राग, दुःख यांवर उपाय सांगताना त्यांना संकोच वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतले ९०० मृत्यू नोंदवले. वाचलेल्यांची उडालेली झोप त्या आकड्यात नाही. न्याय मागायलाच हवा, पण बरं होण्यासाठी निकालाची वाट बघत बसू नका. खर्चाची अडचण असेल तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

गेल्या महिन्यात अम्मीला विचारलं, "त्या रात्री तुला काय वाटत होतं?" ती तासभर बोलली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.