आधी पिक्चर काढा, मग पैसे मागा

मराठी सिनेमाला सरकार पैसा देतं. कर्ज नव्हे, अनुदान. परत मागत नाही. इंदापूरच्या एष्टी स्टँडवर दहा जणांना ही गोष्ट सांगा. नऊ जण हसतील. दहावा विचारील, "मग आपल्याला का नाय मिळत?" त्या दहाव्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी पान उलटलं तरी चालेल.

योजना अशी आहे. पिक्चर मराठीत काढायचा. सेन्सॉरचं सर्टिफिकेट घ्यायचं. मग सरकारकडे अर्ज. समिती बसते, पिक्चर बघते, मार्क देते. 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख, असा दर बरीच वर्षं चालत आला. त्याच्या आधी, सत्तरच्या दशकात, दुसरी योजना होती. पिक्चरवर जमलेला करमणूक कर सरकार निर्मात्याला परत द्यायचं, म्हणजे त्यानं पुढचा मराठी पिक्चर काढावा. 2017 साली जीएसटी आला आणि तो करही गेला. योजना बदलल्या, मंत्री बदलले, समितीतली आडनावं थोडी इकडंतिकडं झाली. एक गाठ मात्र सुटली नाही. आधी पिक्चर काढा, मग पैसे मागा.

आता हिशेब करा. ज्याच्याकडं पिक्चर काढायला पैसा आहे त्यालाच पिक्चर काढल्याबद्दल पैसा. ज्याच्या बापानं जमीन गहाण टाकली, ज्याचा मामा बिल्डर आहे, ज्याच्या मेव्हण्याचं गुळाचं गुऱ्हाळ आहे, तो रांगेत पुढं. आमच्या बापाकडं गहाण टाकायला काय होतं? वतनाची म्हारकी होती, ती गेली. उजनीच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना निदान जमीन होती म्हणून धरणग्रस्त तरी म्हणतात. भूमिहीनाचं काय बुडालं हे मोजायला सरकारकडं मापच नाही.

1998 साली केंद्र सरकारनं सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला तेव्हा पेपरवाल्यांनी ढोल वाजवले. आता बँका कर्ज देणार! दिलं की. तारण असणाऱ्याला दिलं. बँकेला पटकथा वाचता येत नाही, सातबारा वाचता येतो.

म्हणतील, मग नागराज मंजुळे कसा झाला? हा प्रश्न आमच्या तोंडावर फेकायची लोकांना फार हौस. उजनीच्या फुगवट्यात होडीनं पलीकडं गेलं की करमाळा तालुका लागतो, तिथलं जेऊर त्याचं गाव. (मे 2024 मध्ये कुगावहून आमच्या तालुक्यातल्या कळाशीला येणारी होडी उलटली, सहा माणसं गेली. शूटिंगवाल्यांना तेच पाणी 'लोकेशन' दिसतं.) 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म त्यानं विद्यार्थी असताना केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 2013 चा 'फँड्री', मग 2016 चा 'सैराट'. 'फँड्री'तला जब्या झालेला पोरगा करमाळा तालुक्यातलाच, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. 'सैराट'ची आर्ची अकलूजची. म्हणजे पंचवीस-तीस कोसांच्या आत एवढी माणसं सापडली. हे काय सरकारनं शोधून काढलं? बक्षिसं नंतर आली. आधी पैसा घातला तो खासगी निर्मात्यांनी, आणि घातली ती त्या माणसाची स्वतःची दहा वर्षं. एक माणूस भिंतीवरून उडी मारून गेला म्हणून भिंतीला दरवाजा आहे असं म्हणायचं का? मला अभिमान आहे त्याचा, पण अभिमान म्हणजे धोरण नव्हे.

आता केरळकडं बघा. तिथं सरकारी चित्रपट महामंडळानं वेगळी योजना काढली. बाई दिग्दर्शक असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीचा दिग्दर्शक असेल तर पिक्चर काढायलाच पैसा. एका पिक्चरला दीड कोटीपर्यंत. पिक्चर व्हायच्या आधी. बस, एवढाच फरक. आधी आणि नंतर. ह्या एका शब्दात अख्खी वर्णव्यवस्था बसलीय.

मग ऑगस्ट 2025 मध्ये तिरुवनंतपुरमला सिनेमा धोरणाची परिषद भरली. समारोपाला अडूर गोपालकृष्णन उठले. फार मोठा दिग्दर्शक, फाळके पुरस्कारवाला. त्यांचं म्हणणं, ह्या लोकांना दीड कोटी एकदम देऊ नका, भ्रष्टाचार होईल, आधी तीन महिने शिकवा, पन्नास-पन्नास लाख तिघांत वाटा. सभेतच पुष्पवती नावाच्या गायिकेनं उठून विरोध केला. शाब्बास बाई! पुरुष कवींची फौज असती तर टाळ्या वाजवून घरी गेली असती.

मला अडूरांच्या पहिल्या पिक्चरबद्दल बोलायचंय. 'स्वयंवरम', 1972. तो कशावर निघाला? त्यांनी आणि मित्रांनी चित्रलेखा नावाची सहकारी संस्था काढली होती, आणि फिल्म फायनान्स कॉर्पोरेशननं, म्हणजे भारत सरकारच्या महामंडळानं, दीड लाखाचं कर्ज दिलं. अडीच लाखाच्या पिक्चरला दीड लाख सरकारी. त्याच्या आधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सरकारी खर्चानं शिक्षण. वाईट झालं का? मुळीच नाही. देशाला मोठा दिग्दर्शक मिळाला. सरकारी पैसा पहिल्या पिक्चरला लागला तर काय उगवतं याचा सगळ्यात चांगला पुरावा खुद्द अडूर आहेत. मग तोच पैसा आमच्या हातात आला की पैशाला वास कसा काय येतो?

प्रशिक्षण द्या ना. कोण नको म्हणतंय? पण निर्मात्यांच्या पोरांना पण तीन महिने बसवा. आजवर अनुदान घेऊन किती पिक्चर थेटरात एक आठवडा न टिकता मेले, तेव्हा कुणी म्हणालं का, की ह्या जातीला आधी शिकवा? त्यांचा पिक्चर पडला तर एक पिक्चर पडतो. आमचा पडला तर जात नापास होते. आणि शिकायचं म्हणाल तर पुण्याच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग शिकायला पदवी लागते. मी मॅट्रिक. माझ्यासारखे किती मॅट्रिक झाले आणि गोण्यांच्या खाली गेले, त्यांची यादी कोण करणार?

आता युनियनचं बोलू. इथं मला जपून बोलायचंय, कारण मी कामगार आहे आणि युनियनला शिव्या देणारा कामगार मालकाला फार आवडतो.

सिनेमात कामाला लागायचं तर कार्ड लागतं. लाईटमनची संघटना वेगळी, मेकअपवाल्यांची वेगळी, ज्युनियर आर्टिस्टची वेगळी, फायटरांची वेगळी. त्या सगळ्यांवर फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज. ह्या संघटना नसत्या तर स्पॉटबॉयला आजही चहा आणि लाथ एवढंच मिळालं असतं. 2008 च्या ऑक्टोबरात थकलेल्या पगारासाठी त्यांनी काम बंद केलं तेव्हा मोठ्या मोठ्या हिरोंची शूटिंगं थांबली. त्याला मी लाल सलाम करतो आणि जय भीमपण करतो. 1981 साली कायदा झाला की सिने कामगाराशी लेखी करार केला पाहिजे. तो कायदाही कुणी खिरापत म्हणून वाटला नव्हता.

पण कार्ड मिळतं कसं? प्रवेश फी भरून. कुणाच्या तरी ओळखीनं, ज्याचं कार्ड आहे त्याच्या शिफारशीनं. लाईटमनचा पोरगा लाईटमन, फायटरचा पोरगा फायटर. धंदा बापाकडून पोराकडं. हे वाचून काही आठवतंय का? आम्हाला तर लगेच आठवलं.

मेकअपवाल्यांची संघटना बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड देत नव्हती. बाईनं फक्त केस विंचरायचे, तोंड पुरुषच रंगवणार. चारू खुराणा नावाची बाई कोर्टात गेली. 10 नोव्हेंबर 2014 ला सुप्रीम कोर्टानं तो नियम उडवला, आणि पाच वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं असावं ही अटपण उडवली.

आता गिरणीकडं चला. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात काय विचारलं होतं? गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं अस्पृश्याला बंदी. का? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून सवर्ण कामगार बाटणार. लाल बावट्याच्या नेत्यांना मालकाचा जुलूम दिसत होता, शेजारच्या साच्यावरची बंदी दिसत नव्हती. बाबासाहेबांनी रेटलं तेव्हा ती मागणी यादीत आली, तीही नाखुशीनं. शंभर वर्षं होत आली. धोटा गेला, गिरणी गेली, गिरणीच्या जागेवर मॉल झाला. बंद खात्याची रीत मात्र शाबूत आहे.

स्पर्धा आयोगानं 2017 साली सांगितलं की सभासदालाच काम द्या ही अट कायद्याविरुद्ध आहे. निर्माते खूष झाले. आपण खूष व्हायचं का? थांबा जरा. मी गोदीत काम करतो. गोदीत आधी टोळीवाल्याचं राज्य होतं, तो बोट दाखवील तो कामावर, बाकीचे उपाशी. लढून 1948 चा गोदी कामगार कायदा आला, मग डॉक लेबर बोर्ड, रजिस्टर, पाळी, काम नसलं तरी हजेरीचा पैसा. 1994 साली मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज मी ठेकेदाराचा माणूस. माझं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. सकाळी फोन वाजला तर काम. म्हणून मला कुणी सांगू नये की कार्ड फाडलं की गरिबाचं भलं होतं. कार्ड फाडलं की टोळीवाला परत येतो. मला कार्ड पाहिजे. पण ते बापाच्या आडनावावर नको, फीच्या थैलीवर नको. जो सेटवर इतके दिवस राबला त्याला हक्कानं मिळालं पाहिजे.

राबतो तर आपण आहोतच. आमच्या भागात दोन वर्षांमागं एक युनिट आलं. वस्तीतली चाळीसएक माणसं 'मॉब' म्हणून नेली. माणसं पुरवणाऱ्यानं लाईन लावली आणि तोंडं बघून वाटणी केली. गोरे, नीटनेटके ते लग्नाच्या सीनला. काळे, गाल बसलेले ते झोपडपट्टीच्या सीनला. सिनेमात ह्याला शब्द आहे, 'डिसेंट'. म्हणजे आम्ही इनडिसेंट. लग्नाच्या मांडवात बसायला आम्ही काळे, आणि झोपडीत बसायला एकदम फिट. पैसे कबूल केले त्याच्या निम्मे आले, तेही तीन महिन्यांनी. कागद नाही, पावती नाही, करार तर नाहीच. कुणाकडं जायचं? मॉबमधल्या एकाकडंही कार्ड नव्हतं. आणि कार्डवाले जे मुंबईहून आले होते त्यांनी आमच्याकडं बघितलं ते आम्ही त्यांचं काम खाणारे आहोत अशा नजरेनं.

अण्णाभाऊंचं सांगतो आणि मग मागणीकडं येतो. त्यांच्या कादंबऱ्यांवर पिक्चर निघाले: 'वैजयंता', 'फकिरा', 'टिळा लावते मी रक्ताचा', 'वारणेचा वाघ'. पडद्यावर त्यांचं नाव, खिशात काही नाही. 18 जुलै 1969 ला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात ते गेले, दारिद्र्यात गेले. आठ वर्षांनी, 1977 साली, त्याच गोरेगावात सरकारनं चित्रनगरी उभारली. चित्रनगरीला नाव फाळक्यांचं. अण्णाभाऊंच्या नावानं 1985 साली महामंडळ निघालं, मातंग समाजाच्या विकासासाठी. तिथं जाऊन कॅमेऱ्यासाठी कर्ज मागा आणि खिडकीमागचा साहेब कसा बघतो ते बघून या. आमच्या नावावर म्हैस चालते, रिक्षा चालते. कॅमेरा म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

आणखी एक. 1976 साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून 'मंथन' काढला. श्याम बेनेगलांचा. दहा लाख उभे राहिले. आमच्या बारामती-इंदापुरात सहकाराची काय कमी आहे? भवानीनगरचा छत्रपती कारखाना आहे, बिजवडीचा कर्मयोगी आहे. टनामागं कपाती होतात, त्यातून काय काय निघतं. एक पिक्चर निघालेला नाही. निघाला तरी शेअर बागायतदाराचा, आणि ऊसतोड करणारा त्यात मॉब. सहकार त्यांचा आहे. आपला सहकार आपल्यालाच काढावा लागंल.

तर मागणी. अनुदानाच्या रकमेतला हिस्सा पिक्चरच्या आधी द्या, संहितेवर द्या, अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्यांच्या पोरापोरींना द्या, समितीत आमची माणसं बसवा. ज्या पिक्चरला सरकारी पैसा मिळतो त्यानं ज्या तालुक्यात शूटिंग केलं तिथल्या माणसांचा पगार बँकेत भरल्याची पावती दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. फेडरेशननं तालुक्याच्या ठिकाणी नोंदणी उघडावी, पहिल्या वर्षी फी नको.

आणि आपण काय करायचं? इंदापूर, करमाळा, बारामती, दौंड, जिथं जिथं युनिट येऊन गेलं तिथं ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांनी तारीख, जागा, किती तास, कबूल किती, मिळाले किती, हे वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर फोटो असतील तर पुसू नका. लग्नाच्या सीनला की झोपडपट्टीच्या, तेही लिहा. वह्या ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. शंभर जमल्या की त्या घेऊन गोरेगावला जायचं, मी एक दिवसाची पाळी बुडवून येतो.