दीड म्हणजे १.३०? पोरांची चूक मराठीतून ओळखायला हवी

माझी मावसबहीण निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत सहावीत आहे. सुट्टीत तिची गणिताची वही चाळत होतो. सव्वा लिटर = १.१५, दीड किलो = १.३०, पावणेदोन मीटर = १.४५. तिन्हींवर लाल फुली.

विचारलं, "हे कुठून आणलंस गं?" तर म्हणाली, "दादा, घड्याळात दीड म्हणजे एक तीसच की!"

म्हणजे पोरगी अंदाजपंचे लिहीत नव्हती. तिचा नियम पक्का होता, फक्त चुकीच्या जागी लावला होता. तासाची मिनिटं साठ, म्हणून अर्ध्याला तीस. दशांशात एकाचे दहा भाग, म्हणून अर्ध्याला पाच. हे समजवायला दोन मिनिटं लागली. पण फुलीनं तिला एवढंच सांगितलं होतं की तुला गणित येत नाही.

अशा चुका वार्षिक परीक्षेत सापडत नाहीत. तिथं फक्त मार्क दिसतात. त्यासाठी दर आठवड्याला मोबाईलवर पाचच प्रश्नांची छोटी चाचणी हवी, आणि तिचे चुकीचे पर्यायसुद्धा विचार करून ठेवलेले हवेत. उदाहरणार्थ, दीड किलो गूळ दशांशात कसा लिहाल? १.५, १.३० की १.२? १.३० निवडणारा घड्याळात अडकलाय. १.२ निवडणाऱ्यानं १/२ मधला २ उचललाय. दोघांचं उत्तर चूक, पण दोघांना शिकवायचं वेगळं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी एकच चुकीचा पर्याय निवडला, तर सोमवारी काय शिकवायचं ते सरांना शनिवारीच कळतं.

आता आपल्या भागाचं बघा. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु' म्हणताना वीस आधी. आपली पोरं घरात एक ऐकतात, बाजारात दुसरं. त्यात एखाद्यानं २५ चे ५२ लिहिले तर तो 'ढ' नसतो. आणि दीडचा घोळ कन्नड पोराचाही होऊ शकतो, कारण 'ओंदूवरे' किलोलाही चालतं आणि घड्याळालाही. त्यामुळे हे कन्नडविरोधी भांडण नव्हेच. मुद्दा इतकाच की इंग्रजीतून उतरवलेल्या प्रश्नांत सव्वा, दीड, पावणेदोन सापडणार नाहीत. पोर ज्या भाषेत विचार करतं, त्याच भाषेत त्याची चूक सापडते.

नोव्हेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, महाराष्ट्राच्या एससीईआरटीनं 'स्वाध्याय' हा उपक्रम सुरू केला. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला गणिताचे आणि भाषेचे प्रश्न, तेही मराठीत. पण तो महाराष्ट्रातल्या शाळांसाठी होता. ८६५ गावांवर हक्क सांगणाऱ्या महाराष्ट्र सरकारला आपलं म्हणणं आहे: कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, निदान असले उपक्रम आमच्या पोरांना खुले करा. इथं पुस्तकं कर्नाटकची आहेत, हे खरं. पण अपूर्णांक दोन्ही राज्यांत सारखाच.

कर्नाटक सरकारलाही सुट्टी नाही. घटनेच्या ३५० अ कलमानुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करणं ही राज्याची जबाबदारी आहे. हे कलम सातव्या घटनादुरुस्तीतून आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला लागू झालं. आपण ज्या दिवशी काळा दिवस पाळतो, तोच हा दिवस! फक्त मराठी पुस्तक छापलं म्हणजे सोय पुरेशी झाली, असं मी मानत नाही.

आणि आपण? गुगल फॉर्म फुकट आहे. प्रत्येक गावात कॉलेजला जाणारी दोन-चार पोरं आहेतच. सरांना विचारून प्रश्न काढा. घरोघरी मोबाईल नसेल तर वर्गात एका फोनवरून प्रश्न वाचा, पोरांना बोटं वर करू द्या. फक्त दोन पथ्यं पाळा: चाचणीचे नंबर काढू नका, आणि चुकीच्या उत्तरावर आधी "असं का वाटलं?" एवढं विचारा. नंबर आले की पोरं कॉपी करतात आणि चूक पुन्हा लपते.

मराठी शाळा वाचवा म्हणून आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण त्या शाळेत बसलेल्या पोरीला दीड म्हणजे १.५ हे कळलं नाही, तर पुढच्या वर्षी तिचे आईबाप तिला तिथं का ठेवतील?

जय महाराष्ट्र!