परतीची वाट नसलेली पुडी

मागल्या उन्हाळ्यात सांगोल्याकडच्या एका परिचित बागायतदाराच्या ओसरीवर बसलो असता गोष्टी पावसावरून डाळिंबावर आणि डाळिंबावरून ओघानेच तेल्या रोगावर आल्या, तेव्हा यजमान उठले आणि भिंतीतल्या ज्या कोनाड्यात विजेचे बिल, चुन्याची डबी आणि नातवाच्या खोकल्याची बाटली गुण्यागोविंदाने नांदत होती, त्याच कोनाड्यातून एक लहानशी पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. पुडी सहा ग्रॅमची. कोपरा दातांनी तोडून दुमडलेला. आत निम्मीअधिक फिकट पिवळसर भुकटी ओल धरून घट्ट झालेली. "ही स्ट्रेप्टो," ते म्हणाले, "बंद झाली म्हणतात. बंद झाली ते कळलं. पण घरात राहिलीय तिचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही बघा." या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि पुढे नियमांची पुस्तके चाळल्यावर असे ध्यानात आले की, ते सरकारी दप्तरातही धडपणे सापडत नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचे नऊ भाग आणि टेट्रासायक्लिनचा एक भाग असे जिचे घटकमान, त्या या भुकटीतील दोन्ही द्रव्ये मूळची माणसाच्या औषधोपचारातील होत. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाच्या हाती मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून लागले, आणि क्षयरोगावर खरोखर गुणकारी असे ते पहिले प्रतिजैविक ठरले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत हवा, विश्रांती आणि दैव यांवर भिस्त ठेवून पडून राहण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते, अशा रुग्णांच्या पिढीला या औषधाचे मोल वेगळे सांगावे लागत नसे. पुढे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि कालांतराने जे औषध परदेशी बोटीची वाट पाहत मिळवावे लागे, ते पुण्याच्या वेशीवर तयार होऊ लागले.

क्षयाच्या खाटेपासून डाळिंबाच्या बागेपर्यंत या औषधाचा प्रवास झाला, यात शेतकऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. तेल्या हा जिवाणूजन्य रोग; दमट हवेत तो पानावर आणि फळावर तेलकट डाग पाडतो, फळ तडकते, आणि वर्षभराच्या कष्टाने धरलेला बहार पंधरवड्यात मातीमोल होतो, हे सोलापूर-सांगलीपासून सटाणा-मालेगावपर्यंतच्या बागायतदारांनी सोसले आहे. अशा वेळी ताम्रयुक्त औषधाबरोबर 'स्ट्रेप्टो' मारा, असा सल्ला सर्व बाजूंनी मिळत असता तो माणूस पुडी घेणार नाही तर काय करील? परंतु २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने या दोन द्रव्यांच्या शेतीतील उपयोगाला मनाई करण्याची अधिसूचना काढली आणि तीत वापर सर्वस्वी थांबविण्यासाठी १ जानेवारी २०२४ ही मुदत घातली. हेतू योग्यच होता. उत्पादन कधी थांबवावे आणि वापर कधी थांबवावा, या दोहोंची तारीख नेमली गेली; कोनाड्यातल्या पुडीची तजवीज मात्र कोणी केली नाही.

कोणी विचारील, चार-पाच ग्रॅम भुकटीने असे काय बिघडणार आहे? विषाच्या बाबतीत हा प्रश्न रास्त ठरला असता, कारण विष पाण्यात मिसळून विरळ होत जाते आणि विरळ झाले की बहुधा निरुपद्रवी होते. प्रतिजैविकाचे गणित याच्या नेमके उलट आहे. मारक मात्रेहून अल्प प्रमाणात ते जिवाणूंच्या सहवासात राहिले, म्हणजे दुर्बल जिवाणू मागे पडतात, ज्यांच्या अंगी प्रतिकाराची शक्ती आहे ते तगतात, वाढतात, आणि ही शक्ती शेजारच्या निराळ्या जातीच्या जिवाणूंनाही वाटून देतात. मग बांधावरच्या मातीत झालेली ही देवघेव गोठ्यातून, विहिरीतून, भाजीच्या पेंढीतून माणसापर्यंत पोहोचण्यास मज्जाव करणारी चौकी कोठेच नसते. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका जगाला सांगून ठेवला होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. हेच स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शनच्या कुपीत रुग्णालयात मुदतबाह्य झाले, तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ते पिवळ्या पिशवीत पडते आणि एक तर उत्पादकाकडे परत जाते, नाही तर भट्टीत जळते. तेच द्रव्य बागेत उरले की ते कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमावलीखाली येते. तिच्या ४४ व्या नियमात उरलेला माल आणि धुवण निर्धोकपणे निकालात काढण्याचे कर्तव्य उत्पादकाबरोबर फवारणाऱ्यावरही टाकलेले आहे, आणि रिकामी वेष्टने मोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे फर्मावलेले आहे. रिकाम्या डब्यात कोणी तेल-धान्य भरू नये या चिंतेतून हा नियम जन्मला असावा, आणि त्या चिंतेपुरता तो शहाणपणाचा आहे. परंतु प्रतिजैविक लागलेली पुडी मातीत पुरणे म्हणजे जिवाणूंच्या घरी शिधा पोहोचविणे होय. उरलेली भुकटी पाणी आणि परिसर दूषित न होऊ देता "निर्धोकपणे" निकालात काढावी, यापलीकडे नियम काहीच बोलत नाही, आणि तो निर्धोक मार्ग सांगोल्याच्या शेतकऱ्याने कोणत्या चावडीवर जाऊन विचारावा?

तोवर घरोघर जी दक्षता घेता येईल, ती घ्यावीच. अशी भुकटी मूळ वेष्टनातच, कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी, कुलपात, अन्नधान्य आणि चारा यांपासून दूर ठेवावी. कारण ओल, ऊन आणि काळ यांनी टेट्रासायक्लिन बिघडते आणि त्यातून मूत्रपिंडाला घातक अशी द्रव्ये निपजतात. पुडी दातांनी तोडू नये, भुकटी उघड्या हाताने कालवू नये. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने रोज हाताळणाऱ्या परिचारिकांच्या हातांना त्वचारोग जडत असे, हे डॉक्टरांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा हातमोजे आणि मुखपट्टी यांची किंमत आपण पुरेशी मोजलेली आहे. भुकटी सांडल्यास केरसुणीने झाडून ती हवेत उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बंद करावे. मोरीत, ओढ्यात, उकिरड्यावर ती टाकू नये, चुलीतही घालू नये. चुलीचा जाळ म्हणजे भट्टी नव्हे. पुडी दुसऱ्या जाड पिशवीत घालून, तोंड बांधून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून ठेवावे. पण ठेवावे ते किती दिवस, आणि द्यावे ते कोणाकडे?

येथे माझे म्हणणे इतकेच आहे की, जी वस्तू ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तिला परत जाता आले पाहिजे. कृषी सेवा केंद्राच्या चालकाजवळ परवाना असतो, साठ्याची वही असते, पावतीपुस्तक असते. त्या वहीत 'जमा' होते तसे 'परत' हे एक सदर घालावे, दुकानात कुलपाची एक पेटी ठेवावी, आणि तालुका कृषी अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीने ती रिती करून आतील माल घातक कचऱ्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे रवाना करावा. अशी केंद्रे तळोजे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आजही आहेत. नवे काही बांधावयाचे नाही. खर्च मात्र उत्पादकाने सोसावा, कारण विक्रीचा नफा ज्याच्या खतावणीत जमा झाला, त्याच्याच नावे या शेवटाचा खर्च पडणे हा हिशेबाचा साधा न्याय आहे. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या औषधांत टेट्रासायक्लिनच्या जातीच्या भुकट्या आजही असतात. त्यांनाही हीच पेटी उपयोगी पडेल. केरळ राज्याने २०१९ साली औषध विक्रेत्यांच्या सहकार्याने तिरुवनंतपुरम येथे घरोघरची उरलेली औषधे परत घेण्याची योजना सुरू केली; जे तेथील औषधाच्या दुकानात साधले, ते आपल्या कृषी केंद्रात न साधण्याचे कारण दिसत नाही.

याहून मोठे अपराधी मोकळे असता शेतकऱ्याच्या पुडीमागे का लागता, असा एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. हैदराबादजवळ पटनचेरू येथील औषध कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडल्याचे २००७ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. हे प्रमाण रुग्णाच्या रक्तात औषध जितके असते त्याहूनही अधिक होते. कारखान्यांचा बंदोबस्त अगोदर आणि कडक व्हावा, हे निर्विवाद आहे. परंतु पेटीची ही व्यवस्था शेतकऱ्यावर नवा बोजा घालीत नाही. आज त्याच्या माथी असलेला बोजाच ती उतरवून घेते.

परवा त्याच गृहस्थांचा फोन आला होता. बहार बरा धरला आहे, असे म्हणाले. पुडीची चौकशी केली, तर मी सांगितल्याप्रमाणे ती जाड पिशवीत बांधून, नाव लिहून, नातवाच्या हाती लागणार नाही अशी माळ्यावरच्या पेटाऱ्यात कुलपात ठेवली आहे, असे कळले. "आता न्यायला कधी येणार?" असे त्यांनी विचारले. मी सरकारी माणूस नव्हे, हे त्यांना ठाऊक आहे. तरी प्रश्न त्यांनी मलाच विचारला, कारण विचारावा असा दुसरा कोणी त्यांना माहीत नव्हता.