हिरव्या पाण्याचं कोडं

दोस्तांनो,

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून एका छोट्या वाचक मैत्रिणीने विचारलंय, ‘काका, आमच्या घरामागे खाऱ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव आहे. सुट्टीत फिरून आलो, तर पाणी हिरवंगार! दुकानदार म्हणतो, फॉस्फेट वाढलंय. फॉस्फेट म्हणजे काय? आणि आई आम्हाला पाण्यात का उतरू देत नाही?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. आईचंच बरोबर आहे! तळ स्पष्ट दिसत नसेल, तर त्या पाण्यात कुणीच उतरायचं नाही. कुणी बुडू लागलं, तरी काठावरच्यांना दिसणार नाही. शिवाय शेवाळं माजलं याचा अर्थ क्लोरिन कमी पडलंय. मग रोगजंतूंचंही फावतं.

‘पण काका, खाऱ्या पाण्यात क्लोरिन कुठलं?’ तीच तर गंमत! समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या तलावात लिटरमागे साधारण ३ ते ५ ग्रॅम मीठ घालतात. आपले अश्रूसुद्धा याहून खारट! त्या पाण्यातून वीज सोडून यंत्र मिठापासून क्लोरिन तयार करतं. म्हणजे हा तलावही क्लोरिनचाच.

आता फॉस्फेट. ते आहे शेवाळ्याचा खाऊ. झाडांची पडलेली पानं, माती, बागेतलं खत वाऱ्या-पावसाबरोबर पाण्यात येतं आणि फॉस्फेट वाढतं.

स्वयंपाकघरात साखर सांडली की मुंग्या येतात ना? मुंग्या झटकल्या आणि साखर तशीच ठेवली, तर त्या परत येणारच. पण नुसती साखर पुसून आलेल्या मुंग्या जातात का? नाही! इथेही तसंच. फॉस्फेट काढायचं औषध शेवाळं मारत नाही. ते काम क्लोरिनचं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पानं काढायची, भिंती ब्रशने घासायच्या, पाण्याची आम्लता तपासायची. मग क्लोरिन वाढवून शेवाळं मारायचं आणि गाळणयंत्र चालू ठेवायचं. मेलेलं शेवाळं पाण्यातच कुजलं, तर त्यातलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं. पाणी निवळलं की फॉस्फेट मोजायचं आणि खूपच असेल, तर औषध घालायचं.

या औषधात बहुधा लँथॅनम या धातूचं संयुग असतं. मोसांडर या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली हा धातू शोधला. त्याचं नाव ‘लपून राहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. हा लँथॅनम फॉस्फेटला घट्ट पकडतो आणि पाण्यात न विरघळणारी बारीक पांढरी पूड तयार होते. त्यामुळे पाणी काही काळ दुधट दिसतं. घाबरायचं नाही! पूड गाळणयंत्रात अडकते. तळाशी बसलेली ओढून काढायची आणि गाळणयंत्रही धुवायचं.

पण ही सगळी रसायनं मोठ्यांनीच हाताळायची हं! आणि दोन रसायनं एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत.

मग मुलांनी काय करायचं? रोज जाळीने पानं काढायची आणि खत पाण्यापासून लांब ठेवायचं. साखर सांडूच दिली नाही, तर पुसायची कशाला?

जाता जाता एक प्रश्न : शेतातलं खत पावसाबरोबर वाहून गावच्या तळ्यात आलं, तर काय होईल? आईबाबांशी बोला आणि उत्तर कळवा.

तुमचा,
विज्ञानकाका