आजीला घरी बसवून कसली सहल?



मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे जाणे ही आपल्याकडची जुनी रीत. माझा मामा नोकरीसाठी जर्मनी देशातील स्टुटगार्ट शहरी राहतो, म्हणून २०२४ च्या सुट्टीत मी, आई आणि आजी अशा तिघी तिकडे गेलो. तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होते. पण मेच्या अखेरीस एका ख्रिस्ती सणाची छोटी सुट्टी असते, ती गाठून मामाने आम्हांला बोलावले.

परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय बघितलंस गं?" तेही सांगते. पण आधी माझे मत मांडते. नातेवाइकांकडे गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घरी बसवून बाकीच्यांनी सहलीला जाणे मला बिलकूल पसंत नाही. हे फक्त जर्मनीत घडते असे नाही. पुण्याला, मुंबईला गेल्यावरही घडते.

पहिल्या आठवड्यात आमचे तसेच चालले होते. मामा म्हणायचा, "आई, तू दमशील, आराम कर." आजी म्हणायची, "व्हय बाबा, तुम्ही जावा." मग ती आमच्यासाठी धपाटे थापायची आणि दुपारभर खिडकीतून ट्राम बघत बसायची. माझा मामेभाऊ तिच्याशी बोलत नसे. त्याला मराठी समजते, पण बोलताना अडखळतो, म्हणून लाजतो.

स्टुटगार्ट शहर बघण्यासारखे आहे यात शंका नाही. सभोवती डोंगर, मधल्या खोलगट जागेत शहर, आणि शहरातच उतारावर द्राक्षांचे मळे! मळ्यात जाण्यासाठी पूर्वी बांधलेल्या पायऱ्यांच्या वाटा अजून आहेत, चारशेहून जास्त. तेथील दूरदर्शन मनोरा १९५६ साली उघडला. तो सुमारे २१७ मीटर उंच असून सिमेंट काँक्रीटचा जगातला पहिला असा मनोरा समजला जातो. मोटारींच्या संग्रहालयात १८८६ सालची तीनचाकी मोटार आहे. मामेभाऊ तिथे तासभर रमला. मी अर्ध्या तासात कंटाळले. मोटारी त्या मोटारीच!

रविवारी तिकडे बहुतेक दुकाने बंद असतात. त्या दिवशी मामा म्हणाला, आज जवळच्या बिर्केनकोप्फ टेकडीवर जाऊ. मी हट्टच धरला की आजी येणार असेल तरच मी येणार. मामा नाही-होय करत तयार झाला.

ही टेकडी साधी नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. मधले शहर जमीनदोस्त झाले. पडलेल्या घरांचा ढिगारा टाकायचा कुठे? तर १९५३ ते १९५७ या काळात तो या टेकडीवर आणून रचला. सुमारे १५ लाख घनमीटर दगडविटा! त्यामुळे टेकडी ४० मीटरने वाढली आणि आता ५११ मीटर उंच आहे. तिथले लोक तिला थट्टेने 'खापऱ्यांचा डोंगर' अशा अर्थाच्या नावाने हाक मारतात. माथ्यावर नक्षीचे दगड, खांबांचे तुकडे तसेच पडलेले आहेत. वाट वळणावळणाची, चढ सोपा. आजी तीनदा बसली, पण वर आली.

वर आल्यावर ती एका दगडावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "कुनाच्या घराचे दगड रं हे?" मामाने युद्धाचे सांगितले. आजी म्हणाली, "आमची माळवदं अशीच आली खाली."

आजीचे गाव किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप आपल्या भागात कोणाला सांगावा लागत नाही. पण मामेभावाला तो ठाऊकच नव्हता! मामाने कधी सांगितला नव्हता. आजीने सांगितला. आदल्या दिवशी गणपती बोळवले, लोक उशिरा झोपले, आणि पहाटे मातीची जड धाबी अंगावर आली. तिची थोरली जाऊ त्यात गेली. मामा तेव्हा आठ वर्षांचा होता. तो काही न बोलता लांब शहराकडे बघत उभा राहिला.

मामेभावाने मोडक्या मराठीत विचारले, "आजी, तुमचे दगड कुठे ठेवले?" आजीने सांगितले की काही पुलाखाली गेले, काही नव्या घरांच्या कुंपणाला लागले, काही तिथेच आहेत. तो विचारत गेला, ती सांगत गेली. उतरताना त्याने तिचा हात धरला होता. मी मागून आई बरोबर चालत होते.

आता सांगा, मोटारींच्या संग्रहालयात हे झाले असते का? ती टेकडी मामेभावाने आधी चार वेळा पाहिली होती म्हणे!

कोणी म्हणेल, म्हातारी माणसे दमतात, सगळ्यांचा खोळंबा होतो. खरे आहे. पण खोळंबा झाला तर दोन ठिकाणे कमी बघावीत. त्या रविवारनंतर आम्ही रोज एकच ठिकाण बघितले. 'विल्हेल्मा' नावाच्या बागेत प्राणी आणि झाडे दोन्ही आहेत, आणि बसायला बाकडीही आहेत. तिथे आम्ही दिवसभर काढला. हत्तीपेक्षा काचेच्या घरातली झाडे आजीला जास्त आवडली. ही झाडे थंडीत कशी जगवतात, हे तिने मामाला दोनदा विचारायला लावले.

येत्या दिवाळीत मामा सहकुटुंब येणार आहे. मामेभावाला आजीचे जुने गावठाण बघायचे आहे. बाबा म्हणतात, जीपमध्ये आधीच गर्दी, आजीला कशाला? पण मी सगळ्यांना सांगून ठेवले आहे, खिडकीजवळची जागा आजीची.

– इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी