अर्जातले साठ तास

मेडिकलच्या अर्जात आपण केलेली चांगली कामं लिहायची, हे सगळ्यांनाच कळतं. पण एखादं काम वाईट रीतीने संपलं असेल तर? ते लिहायचं की गाळायचं? गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर हाच विषय चालू आहे. तिथे टाइप करून करून बोटं दुखायला लागली, म्हणून माझं म्हणणं एकदाच इथे सविस्तर मांडते. भाचीला विचारूनच लिहिते आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. भाची न्यू जर्सीत वाढलेली. तिथल्याच मेडिकल कॉलेजांना अर्ज करते आहे. मागच्या वर्षी सुट्टीत ती ठाण्याला माझ्याकडे आली आणि जव्हार तालुक्यात, जामसरच्या आसपासच्या पाड्यांवर शिबिरं घेणाऱ्या एका शहरी संस्थेबरोबर जाऊ लागली. (संस्थेचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.) काम साधंच. मुलांची वजनं घ्यायची, उंची मोजायची, दंडाचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचं. ठरले होते चार आठवडे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गर्दी वाढली आणि तिच्या हातात इंजेक्शनची सिरिंज दिली गेली. "मला हे शिकवलेलं नाही, मी देणार नाही," असं ती म्हणाली. शिबिरप्रमुखांना हा सगळ्यांसमोरचा नकार झोंबला. शब्दाला शब्द वाढला. उद्यापासून येऊ नकोस, असा निरोप संध्याकाळी आला. प्रमाणपत्रही मिळालं नाही. तोवर साठ तास झाले होते.

इथल्या मंडळींना वाटेल, यात एवढं काय? आपल्याकडे नीटला ७२० पैकी किती पडले ते बघतात आणि विषय संपतो. तिकडे तसं नाही. एएमकॅस नावाचा जो सामायिक अर्ज असतो, त्यात जास्तीत जास्त १५ कामं लिहिता येतात. वर्णनाला प्रत्येकी ७०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. किती तास केलं ते लिहायचं आणि खात्री करून घेता येईल अशा एका माणसाचं नाव द्यायचं. सगळी गोची त्या नावाच्या रकान्यात आहे. तिथे नाव कुणाचं द्यायचं, ज्यांनी घालवून दिलं त्यांचंच?

ग्रुपवर तीन पक्ष पडले. दादा म्हणतो, लिही, आणि ठरल्याप्रमाणे चार आठवड्यांचे १२० तास लिही, जामसरला फोन करून कोण विचारतंय! ताई म्हणते, गाळूनच टाक, कटकट नको. आणि भावजी म्हणतात, उलट त्या भांडणाचीच गोष्ट कर. अर्जात तीन कामं सर्वांत महत्त्वाची म्हणून निवडायची असतात, त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात, तिथे रंगवून लिही.

दादाचं सोडून देऊ. डॉक्टर होण्याची सुरुवातच खोट्या आकड्याने करायची असेल तर पुढे काय बोलणार.

ताईचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पंधराच्या पंधरा रकाने भरलेच पाहिजेत, असा नियम नाही. कुणी चार दिवस जाऊन कंटाळून परत आलं असतं, तर मीही म्हणाले असते, सोड. पण भाचीने अर्जाबरोबरच्या निबंधात जामसरबद्दलच लिहिलंय! डॉक्टर का व्हावंसं वाटतं, तर त्या पाड्यांवर मोजलेल्या दंडांमुळे. आता निबंधात जामसर हवं आणि यादीत नको, हे कसं जमायचं? मुलाखतीत पहिला प्रश्न येणार, कुठे, कुणाबरोबर, किती दिवस? तेव्हा चाचरण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

शिवाय भीती वाटावी असं तिने केलंय तरी काय? अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, २०११ साली परदेशी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिक्षण नसलेल्या गोष्टी रुग्णावर करू नका, असा त्यांचा सूर आहे. तिने सुई टोचून तसं अर्जात मिरवलं असतं, तर ते तिच्याच अंगावर आलं असतं.

पण म्हणून भावजींचं खरं होत नाही. भांडणाची गोष्ट रंगवली की भाची होते नायिका, शिबिरप्रमुख होतात खलनायक आणि जामसर उरतं मागचा पडदा. त्या माणसाचीही बाजू असेल. समोर रांग, माणसं कमी, दिवस मावळायला आलेला. त्याने केलं ते चूकच. पण ७०० अक्षरांत खटला चालवायचा नसतो, आणि त्याला तिथे उत्तर द्यायची सोयही नाही.

मला यात जामसरमुळे आणखी एक गोष्ट दिसते. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली शंभरावर मुलं दगावली, तेव्हा कुठे महाराष्ट्राला हा भाग दिसला. त्यानंतरही मूल भुकेने गेलं की आजाराने, यावर दर वेळी वाद होतच राहिले. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सोबतच्या संस्थांनी २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. त्याचं एक मुख्य सांगणं हेच होतं की, बरेच बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित धरतात. पट्टी जरा सैल धरली की मूल कागदावर बरं होतं, खाटेवर तसंच राहतं. भाची त्या साठ तासांत दुसरं काही शिकली नसेल, पण पट्टी नीट धरायला शिकली. आता स्वतःच्या अर्जात ती सैल धरायची?

धोका आहे, हे मान्य. शिबिरप्रमुखांना कुणी विचारलंच, तर ते वाईट बोलू शकतात. पण शिबिरातल्या एक सिस्टर रोज तिच्या नोंदी तपासत असत. त्यांना आधी विचारावं, त्या तयार असतील तर संपर्काला त्यांचं नाव द्यावं. नसतील तर प्रमुखांचंच द्यावं. आणि मजकूर असा: तास साठ. मुलांची वजनं, उंची, दंडाचा घेर मोजला, नोंदी ठेवल्या. न शिकलेलं काम करायला नकार दिल्यावर माझं काम थांबवण्यात आलं. बस्स. मुलाखतीत विचारलं तर आणखी दोन वाक्यं सांगावीत, तिसरं नको.

एखादं कॉलेज यामुळे हातचं जाईलही. पण त्या कॉलेजसाठी जामसर पुसायचं आणि मग पुढची चाळीस वर्षं लोकांच्या केसपेपरवर खरं लिहायचं, हे मला तरी जमण्यासारखं वाटत नाही.

असो. ताई, तू हे वाचशीलच. रागावली असशील तर फोन कर, ग्रुपवर नको. बाकीच्यांनी आपलं मत खाली जरूर लिहा. दादाने सुद्धा.