कोणत्या वस्तीत राहू नये?



जून महिन्यात प्रवेशाच्या गर्दीत एक प्रश्न दरवर्षी आमच्या टेबलापाशी येतोच. यंदा तो अमळनेरहून आलेल्या एका पालकांनी विचारला. त्यांना कापड मार्केटात नोकरी लागली होती, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी सोबत आणला होता, पण खोली अजून घेतली नव्हती. "सर, पोर मोठी शे," ते म्हणाले. सुरतेत कोणत्या भागात राहू नये, एवढे सांगा, अशी त्यांची विनंती होती. नात्यातल्या कोणीतरी त्यांना नावे लिहून दिली होती. लिंबायत नको, गोडादरा नको, डिंडोली नको, पांडेसरा तर नकोच. आपली शाळा ज्या वस्तीत आहे, तिचेही नाव त्या कागदावर होते. हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, आणि आम्हीही लगेच बोललो नाही.

त्याच आठवड्यात विश्वस्तांच्या बैठकीत एक सूचना आली. उच्च माध्यमिकचे नवे वर्ग नदीपलीकडे, पाल-अडाजणच्या बाजूला न्यावेत. इथे चांगल्या घरची मुले येत नाहीत. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण तो कागद आणि ही सूचना आम्हाला एकाच प्रश्नाची दोन रूपे वाटली, म्हणून हा लेख.

प्रथम खरे ते कबूल करू. आपल्या भागात गुन्हे होत नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. गळ्यातली साखळी ओढून नेणे, हातातला मोबाइल हिसकावणे, पोरापोरांच्या भांडणात चाकू निघणे, राज्यात दारूबंदी असूनही गल्लीच्या टोकाला देशी दारू मिळणे, हे पालकांनी पाहिले आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांनीही पाहिले आहे. मुलगी मोठी आहे म्हणून बाप घाबरतो, यात त्याचे काही चुकत नाही. त्याला "काही होत नाही हो" म्हणून परत पाठवणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

पण हे का होते, हेही पाहावे. १९९१ च्या जनगणनेत सुरत शहर सुमारे १५ लाखांचे होते, २०११ मध्ये ते जवळपास ४५ लाखांचे झाले. वीस वर्षांत तिप्पट! शहराची हद्द वाढली हे खरे, पण माणसेही तितकीच आली. खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून. यात कुटुंबाशिवाय आलेले तरुण फार. २०११ मध्ये सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे फक्त ७८७ स्त्रिया होत्या. लूमच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला पडतो. मैदान नाही, वाचनालय नाही, घरचे माणूस नाही. अशा ठिकाणी भांडणे जास्त होणारच. ती त्या मातीची खोड नाही, तिथल्या राहणीची आहे.

आता त्या यादीकडे येऊ. देशाचा गुन्हे नोंद विभाग दरवर्षी मोठ्या शहरांचे आकडे छापतो, सुरतेचेही छापतो. पण त्यात मोहल्ल्यांची यादी नसते. वस्तीचे नाव खराब होते ते तोंडातोंडी आणि बातम्यांच्या मथळ्यांनी. पोलीस स्टेशनचे आकडे पाहिले तरी जपून पाहावे लागतात. डिंडोली आणि गोडादरा यांची स्वतंत्र पोलीस स्टेशने नंतर झाली. हद्द बदलली की आकडे बदलतात. शिवाय जिथले लोक तक्रार लिहवतात, तिथे गुन्हे जास्त दिसतात; जिथे लोक घाबरून गप्प बसतात, तिथला कागद कोरा राहतो.

आणि यादीबाहेरचे भाग निर्धास्त आहेत काय? २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी आले, तेव्हा अडाजण-रांदेरच्या चांगल्या चांगल्या सोसायट्यांत लोक वरच्या मजल्यावर अडकून होते. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केडमध्ये आग लागून क्लासला गेलेली २२ मुले गेली. सरथाणा हे नाव कोणाच्या "टाळा" यादीत नव्हते. या दोन्ही घटना चोरी-मारामारीच्या नव्हेत, हे आम्हाला कळते. पण आई-बाप वस्ती निवडतात ते मुलांचा जीव जपण्यासाठी, आणि जीव काही फक्त चाकूनेच जात नाही. सरथाण्यात मुलांना बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती, हे नावाजलेल्या पत्त्याने कोणाला सांगितले नाही.

पैशाच्या गुन्ह्यांचेही तसेच. उधारीवर माल उचलून रातोरात दुकान बंद करणे, ज्याला इथे "उठमणुं" म्हणतात, ते झोपडीतून होत नाही. वातानुकूलित गाळ्यातून होते. महिना पाच-दहा टक्के व्याज लावणारा व्याजखोर चांगले कपडे घालून, गोड बोलून येतो. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात पोलिसांना अशा व्याजखोरांविरुद्ध राज्यभर मोहीम काढावी लागली. आपल्या शाळेतली मुले मध्येच शाळा सोडतात, त्यामागे गल्लीतल्या गुंडापेक्षा घरावरचे कर्ज जास्त वेळा असते, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

वस्तीला एकदा नाव पडले की त्याची शिक्षा कोणाला होते? गुंडाला तर होत नाही. गेल्या वर्षी दहावीच्या एका मुलीने एका फॉर्मवर "लिंबायत" खोडून "उधना" लिहिले. विचारले तर म्हणाली, "सर, लिंबायत लिहिलं की पुढचा माणूस आधी बघतो, मग बोलतो." एका पालकांना दुचाकीचे कर्ज हवे होते. पगाराची चिठ्ठी होती, बँकेचे पासबुक होते, तरी त्यांना सांगण्यात आले की तुमचा एरिया "निगेटिव्ह" आहे. ते वीस वर्षे एकाच कारखान्यात आहेत. एक दिवस पोलीस स्टेशनची पायरी चढलेले नाहीत.

अमेरिकेत १९३० च्या दशकात असेच झाले होते. सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढून "धोकादायक" वस्त्या लाल रंगाने भरल्या. कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या त्यात होत्या. तिथे कर्ज मिळेना, घरे दुरुस्त होईनात, आणि वस्त्या खरोखरच खालावत गेल्या. आपल्याकडे तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पारधी समाजाच्या पोरांना आजही पत्ता आणि आडनाव सांगताना जीभ अडखळते. कायदा एका दिवसात जातो, नाव पिढ्यानपिढ्या चिकटून राहते.

पण नाव पुसताही येते, आणि त्याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. आमचे पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. नोकरीसाठी आम्ही १९९६ साली सुरतेत यायला निघालो, तेव्हा घरचे लोक म्हणाले, "कहीं भी जाओ, सूरत मत जाओ." त्यांचे खरेच होते. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. तेव्हा सगळे सुरत शहरच टाळण्याच्या यादीत होते. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, गटारे साफ झाली, अधिकारी सकाळी गल्लीत दिसू लागले. दोन वर्षांत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ते इंदूरच्या बरोबरीने पहिले आले. पळून गेलेल्यांनी हे केले नाही. जे राहिले आणि झाडू हाती घेतला, त्यांनी केले.

त्या अमळनेरच्या पालकांना आम्ही काय सांगितले? त्यांना म्हटले, वस्तीचे नाव विचारू नका, गल्ली पाहा. खोली दिवसा एकदा आणि रात्री नऊ वाजता एकदा पाहा. त्या वेळी बायका ओट्यावर बसलेल्या असतील, किराणा दुकान उघडे असेल, दिवा लागलेला असेल, तर ती गल्ली राहण्याजोगी आहे. शाळेपासून घरापर्यंत मुलीबरोबर स्वतः चालून पाहा. गरनाळे लागते काय, तिथे उजेड आहे काय? खाडीचे पाणी पावसाळ्यात कुठवर येते, ते जुन्या शेजाऱ्याला विचारा. घरमालक पोलीस स्टेशनात भाडेकरूची नोंद करतो काय? टाळाटाळ करीत असेल तर ते घर सोडा. पुढे कधी प्लॉट घ्यायचा झाला तर नोटरीच्या कागदावर विसंबू नका, पक्का दस्तावेज पाहा. तो भाग अशांत धाऱ्याखाली असेल तर कलेक्टरची परवानगी लागते. मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर लिहून ठेवा. एवढे पाहिले की मग लिंबायत असो की वेसू, घर चांगले मिळते. त्यांनी शाळेपासून दहा मिनिटांवर खोली घेतली. मुलगी आता नियमित येते.

विश्वस्त महोदयांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, नदीपलीकडे वर्ग गेले तर मुलेच आधी जातील. मुली नंतरसुद्धा जाणार नाहीत. दोन बस बदलून संध्याकाळी परतायचे म्हटले की बाप दहावीनंतर शिक्षण थांबवतो. जी शाळा भीतीने वस्ती सोडते, ती त्या कागदावर आपल्या हाताने सही करते. त्याऐवजी तीन गोष्टी कराव्यात. थंडीच्या दिवसांत दुपारपाळी अंधार पडण्यापूर्वी सोडावी. शाळेचे मैदान आणि वाचनालय रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे, म्हणजे पोरांना चौकाशिवाय दुसरी जागा मिळेल. आणि गरनाळ्यातल्या दिव्यांसाठी महापालिकेकडे संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा. अर्ज आम्ही तयार ठेवला आहे, फक्त सही बाकी आहे.

पालकहो, गल्लीत काही घडले तर तक्रार लिहवा, गप्प बसू नका. तक्रारीला सोबत लागली तर आम्ही येऊ.

आणि विद्यार्थी मित्रांनो, यापुढे फॉर्मवर आपला खरा पत्ता लिहा. पुढचा माणूस आधी बघेल, मग बोलेल, बघू द्या. तुम्ही कसे बोलता, कसे लिहिता, हे त्याला त्यानंतर कळणारच आहे.

– मुख्याध्यापक